खिडकीतली ताटी : भंडाऱ्याच्या उन्हाळ्याचा एक विसरलेला इतिहास (दीर्घ धागा)

थंड देशांत खिडकीतून घराची ऊब निसटते, म्हणून तेथील लोक हिवाळ्यात काचेवर जाड फळ्या बसवतात आणि वसंत आला की काढून ठेवतात. वैनगंगेच्या काठी प्रश्न नेमका उलटा आहे. येथे खिडकीतून जे जायला नको ते बाहेर नसते, बाहेरून आत येते. आणि त्याला अडवणारी, हंगामापुरती बसणारी व पावसाळ्यात उतरणारी एक चौकट येथेही होती. तिचे नाव ताटी.

ताटी हा शब्द मराठीला नवा नाही. संत मुक्ताबाईंच्या ‘ताटीच्या अभंगां’तली ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांचे झोपडीचे दार. रुसून आत बसलेल्या ज्ञानदेवांनी ती लावून घेतली होती, अशी परंपरा आहे. हिंदीत हाच शब्द ‘टट्टी’ झाला. उघड्यावरच्या शौचाच्या जागेला आडोसा म्हणून टट्ट्या उभ्या करीत, म्हणून पुढे त्या शब्दाचा जो अर्थ रूढ झाला तो सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत मात्र ‘टॅटी’ हा शब्द सर्रास आणि अत्यंत आदराने येतो. कारण मे महिन्यात त्यांचा जीव तिच्यावर टांगलेला असे.

ही ताटी साध्या बांबूची नव्हे, वाळ्याची. वाळा म्हणजे खस. ओलसर जमिनीत, नदीनाल्यांच्या काठी वाढणाऱ्या एका उंच गवताची मुळे. माठात टाकतात तोच वाळा, सरबतात उतरतो तोच वाळा. ही मुळे केसांसारखी बारीक आणि चिवट असतात, पाणी धरून ठेवतात आणि भिजली की मंद मातकट सुगंध सोडतात. बांबूच्या चौकटीवर त्यांचा सारख्या जाडीचा थर बांधायचा, दारा-खिडकीच्या मापाने चौकट बेतायची, पश्चिमेकडच्या उघड्या खिडकीत ती घट्ट बसवायची आणि बाहेरून तिच्यावर सतत पाणी मारायचे. दुपारचा कोरडा, भाजणारा वारा त्या ओल्या मुळांतून गाळून आत येतो तेव्हा वेगळाच झालेला असतो. थर बांधणे हे कसबाचे काम होते. फार जाड झाला तर वारा अडतो आणि फार विरळ झाला तर भांडेभर पाणी टाकून माणूस वळेपर्यंत मुळे कोरडी होतात.

या युक्तीचा उगम इंग्रजांकडे नाही. अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त खसच्या खोल्यांचा उल्लेख आहे. बांबूच्या सांगाड्यावर वाळा लावून वरून पाणी शिंपडण्याची चाल अकबराच्या आज्ञेने पसरली, असे तो सांगतो. दरबारी इतिहासकार प्रत्येक चांगल्या गोष्टीचे श्रेय धन्याला देतो, हे लक्षात घेऊन ते वाचायचे. सतराव्या शतकात दिल्लीला आलेल्या फ्रांस्वा बर्निए या फ्रेंच प्रवाशानेही अशा खसखान्यांची नोंद केली आहे. बागेच्या मधोमध, हौदाजवळ ते उभारत, म्हणजे नोकरांना बाहेरून पाणी मारणे सोपे जाई. ‘बाहेरून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. थंडावा आत आणि तो निर्माण करणारा माणूस बाहेर उन्हात, ही मांडणी तेव्हापासूनची.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ताटी उचलली. भंडाऱ्याच्या मुलखाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध त्यानंतर आला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता गेली आणि रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने नागपूर राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. या काळापर्यंत वैनगंगेकाठच्या या प्रदेशाचा कारभार लांजीहून चाले. १८२०-२१ मध्ये भंडारा हे मुख्य ठाणे झाले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि वारस नाही या सबबीवर डलहौसीने पुढच्याच वर्षी राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर राजधानी बनले. उन्हाळा आला की प्रांताचे सरकार पचमढीच्या डोंगरावर चढे. जिल्ह्याच्या ठाण्यात मागे राहणाऱ्यांना मात्र कचेरी, खटले आणि वसुली घेऊन नवतपा भंडाऱ्यातच काढावा लागे.

आता एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. साहेब येण्यापूर्वी भंडाऱ्याची माणसे उन्हाळा कसा काढत होती?

त्याचे उत्तर घराच्या भिंतीत आहे. जुन्या झाडीपट्टीतले घर म्हणजे हात-दीड हात जाडीची मातीची भिंत, वर कवेलूचे छप्पर, समोर सावलीची सपरी आणि खिडकी म्हणावी तर एखादा झरोका. जाड माती दिवसभर ऊन गिळते आणि ते आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर माणसे बाजा घेऊन अंगणात आलेली असतात. उष्णता जिथून शिरते ते भगदाडच मुळात लहान ठेवलेले. अशा घराला ताटीची गरज फारशी नव्हती, आणि लावायची म्हटली तरी लावणार कुठे?

बंगला वेगळ्या विचाराने बांधला गेला. कोंदट हवेतून रोग उत्पन्न होतात अशी तेव्हाच्या युरोपीय वैद्यकाची समजूत होती. त्यामुळे वारा खेळलाच पाहिजे म्हणून प्रत्येक खोलीला दोन-चार दारे, मोठमोठ्या खिडक्या आणि उंच छत. ऑक्टोबरात हे घर रमणीय असते. मे महिन्यात त्याच्या प्रत्येक खिडकीतून भट्टीचे तोंड उघडल्यासारख्या झळा येतात. म्हणजे ज्या अडचणीवर ताटी हा तोडगा होता ती अडचण बरीचशी बंगल्यानेच निर्माण केली होती. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत बंगल्याचे कौतुक वाचताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

ताटी काम कशी करते हे समजले की पुढचा इतिहास आपोआप उलगडतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी वाऱ्यातूनच ओढून घेते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जाते. ताटीवरून तासाला चार लिटर पाणी उडाले, तर ती सुमारे २.७ किलोवॅट थंडावा देते, म्हणजे आजच्या दीड टनी एसीच्या जवळपास निम्मा. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो. चांगली भिजलेली ताटी त्या मर्यादेच्या बरीच जवळ जाते, आणि २७-२८ अंशांचा वारा खोलीत येतो. वीज नाही, यंत्र नाही. फक्त गवताची मुळे, पाणी आणि वारा.

मेख शेवटच्या शब्दात आहे. वारा पडला की ताटी म्हणजे नुसता ओला पडदा.

या अडचणीतून ‘थर्मॅन्टिडोट’ नावाचे धूड जन्माला आले. उष्णतेवरचा उतारा, असा त्या ग्रीक धाटणीच्या नावाचा अर्थ. पुरुषाहून उंच लाकडी पेटारा, आत लोखंडी आसावर बसवलेले पंख्याचे पाते, दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि तोंड खिडकीत खुपसलेले. बाहेर माणसे दांडा फिरवीत राहत आणि ओल्या ताट्यांतून ओढलेली हवा खोलीत ढकलली जाई. अलाहाबादला राहणाऱ्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी १८३१ च्या उन्हाळ्यात याची मनापासून वाखाणणी केली आहे. ते इतके उत्तम चालले की पाठोपाठ त्या संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळल्या, असेही त्यांनीच नोंदवून ठेवले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात या शोधाचे श्रेय डॉ. स्पिल्सबरी यांना दिले आहे, तेही अंधूक आठवणीच्या भरवशावर.

विदर्भातल्या वाचकाला या पेटाऱ्याचे वर्णन ओळखीचे वाटले असेल. खिडकीत तोंड खुपसलेली पेटी, बाजूंना ओल्या ताट्या, आत पंखा. दांडा फिरवणाऱ्या माणसांच्या जागी विजेची मोटर बसवली की तोच कूलर होतो.

पण त्या माणसांना ओलांडून कूलरकडे जाता येत नाही. ताटीच्या इतिहासातला खरा मजकूर तेथेच आहे.

ताटी भिजती ठेवणे हे दिवसभराचे काम होते. दुपारी बारा ते पाच, म्हणजे ज्या वेळात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही त्या वेळात, कुणीतरी भिंतीच्या पश्चिम अंगाला उभे राहून पाणी मारत असे. त्या पाण्यासाठी विहिरीच्या किंवा तलावाच्या खेपा वेगळ्या. उत्तर हिंदुस्थानातून आलेला भिस्ती कातड्याची पखाल पाठीवर घेऊन हे काम करी. भिस्ती हा शब्द ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग यावरून आला असे सांगतात. चौसाच्या लढाईत, १५३९ साली, हुमायूनला गंगेतून वाचवणारा निजाम भिस्ती आणि त्याबद्दल त्याला काही काळ मिळालेले सिंहासन ही गोष्ट इतिहासप्रेमींना ठाऊक असते. बाकीच्या भिस्तींना सिंहासन मिळाले नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यात पाणी भरण्याचे काम परंपरेने ढीवर समाजाकडेही होते. मासेमारी, पालखी वाहणे, घरोघरी पाणी भरणे हे त्यांचे व्यवसाय. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ढिवरांच्या हातचे पाणी उच्चवर्णीयांना चाले, असे त्यात नमूद आहे. चामड्याच्या पखालीतले पाणी मात्र सोवळ्या घरात पिण्यासाठी कोण घेणार? ताटीवर मारायच्या पाण्याला अर्थातच जात विचारली जात नव्हती. वाफ झाल्यावर ते पाणी कुणाच्या हातचे होते हे उरत नाही. हा समतेचा नव्हे, सोयीचा भाग झाला.

ताटीवाल्याचा जोडीदार म्हणजे पंखेवाला. छताला टांगलेला लांब झालरीचा पंखा दोरीने ओढायचा, दिवसा आणि रात्रीही. डुलकी लागली की दोरी सैल पडे, आत उकडू लागे आणि साहेबाची झोप मोडे. त्यावरून लाथ बसे. लाथेने पंखेवाला दगावल्याचे खटले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायालयांत येत राहिले. मलेरियाने वाढलेली प्लीहा फुटून मृत्यू झाला, असा बचाव त्यांत होई आणि आरोपी बहुधा किरकोळ दंडावर सुटे. लॉर्ड कर्झन साम्राज्याचा कट्टर अभिमानी होता, पण गोऱ्यांच्या अशा अत्याचारांना मिळणाऱ्या अभयाची त्यालाही चीड होती. थंडावा स्वस्त होता, कारण माणूस स्वस्त होता. वीज आल्यावर पंखेवाला गेला तो दया म्हणून नव्हे. मोटर झोपत नाही म्हणून.

रेल्वेलाही हा प्रश्न चुकला नाही. लोखंडी व लाकडी डबा उन्हात तापला की प्रवास म्हणजे शिक्षा असे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८७२ च्या सुमारास पहिल्या वर्गाच्या डब्यांत वाळ्याच्या ओल्या ताट्यांवर आधारलेली हवा थंड करण्याची योजना वापरून पाहिली. पुढे कित्येक मार्गांवर पहिल्या वर्गाच्या खिडक्यांत ताट्या बसू लागल्या. गाडी धावत असताना वाऱ्याची उणीव नव्हती, उणीव पाण्याची. भंडाऱ्याच्या मुलखात रेल्वे १८८० साली आली. नागपूर-छत्तीसगढ हा मीटर गेजचा मार्ग तुमसरच्या दिशेने निघाला तो धान आणि गहू वाहून नेण्यासाठी. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीत अर्थातच ताटी नव्हती. तेथे ओला पंचा आणि सुरई.

सरकारी कचेऱ्यांत ताटीला हिशेबात जागा मिळाली. ‘उष्ण व शीत हवामान खर्च’ असे एक शीर्षक ब्रिटिश अमदानीतल्या किरकोळ खर्चात असे. उन्हाळ्यात खसच्या ताट्या, पाणी मारणारे आणि पंखेवाले, हिवाळ्यात शेगडीचा कोळसा. ब्रिटिश गेले, पंखेवाले गेले, पण हे शीर्षक स्वतंत्र भारताच्या वित्तीय नियमांत राहिले. आता त्यातून कूलरचा खर्च निघतो. इतिहास कधी किल्ल्यांत सापडतो, कधी खर्चाच्या खात्यात.

वाळ्याच्या ताटीला मागे सारणारा कूलर हा तिचाच वंशज. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात १९३० च्या दशकात लोकांनी लाकडी चौकटीत लाकडाचा भुगा-तंतू भरून, त्यावर पाणी सोडून मागे पंखा लावला. तिकडे ॲस्पेन नावाच्या झाडाचे तंतू वापरत. आपल्याकडे तेच ‘वुडवूल’ म्हणून आले आणि वाळ्याला स्पर्धक झाले. वाळ्याच्या तुलनेत ते स्वस्त, पण त्याला सुगंध नाही. विदर्भात वीज गावोगाव पोहोचली, १९७४ साली कोराडीचे औष्णिक केंद्र सुरू झाले, आणि पत्र्याचा कूलर ही मध्यमवर्गीय घराची ओळख बनली. गावातला पत्रेवाला पेटी ठोकून देतो, लोहार खिडकीबाहेर स्टँड बसवतो, मार्च संपता संपता बाजारात खसचे ढीग लागतात. नागपूर-भंडाऱ्याकडे कूलरच्या त्या जाळीदार बाजूंना आजही ‘ताट्या’च म्हणतात. शब्दाने मुक्ताबाईंच्या काळापासून कूलरपर्यंतचा पल्ला गाठला, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

येथे थंड देशांतील खिडकीच्या फळीकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण दोन्ही युक्त्या दिसायला सारख्या असल्या तरी स्वभावाने विरुद्ध आहेत. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, इंधनाचे भाव भडकले आणि अमेरिकेत घरे उबदार ठेवणे महाग झाले. त्या दशकात अनेकांनी काढता-घालता येणारी फेसाची पॅनेले खिडक्यांत बसवायला सुरुवात केली. न्यू मेक्सिकोतल्या स्टीव्ह बेअर या संशोधकाने तर आपल्या घराची अख्खी दक्षिण भिंत पाण्याच्या पिंपांची केली. बाहेर बिजागरीवरची इन्सुलेशनची भलीमोठी झडप होती. हिवाळ्यात ती दिवसा उघडायची म्हणजे पिंपे तापतात आणि रात्री लावायची म्हणजे ऊब कोंडली जाते.

ही फळी खिडकी बंद करते. ताटीला खिडकी उघडी लागते, इतकेच नव्हे तर समोरची दुसरी खिडकीही उघडी लागते. नाहीतर दमट हवा आतच साचते आणि अंग चिकट होते. कूलर लावून दारे-खिडक्या बंद करणारा माणूस दर उन्हाळ्यात भेटतो. त्याने एसी आणि कूलर यांचे शास्त्र एकत्र केलेले असते.

फळीचे गणितही भंडाऱ्यात लागू पडते, फक्त बाण उलटा. साध्या एकेरी काचेच्या दीड चौरस मीटर खिडकीतून, आत-बाहेर १२ अंशांचा फरक असताना, सुमारे १०० वॅट उष्णता आत झिरपते. तिच्यावर एक इंच जाडीचा थर्माकोल नीट बसवला तर ती २० वॅटच्या आसपास येते. थेट ऊन पडत असेल तर आकडा कितीतरी मोठा असतो आणि तेव्हा आडोसा काचेच्या बाहेर हवा, आत नव्हे. काच ओलांडून आलेले ऊन पडद्यावर अडले तरी खोलीतच राहते. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही अशा घरांतही दिसते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून बांधलेली हिरवी जाळी, भिजवलेले पोते, एखादे जुने धोतर ही सगळी त्याच ताटीची गरीब भावंडे.

आणि जेथे भावंडेही पुरत नाहीत अशी घरे वाढत आहेत. मातीच्या भिंतीची जागा एका विटेच्या भिंतीने घेतली, कवेलूची जागा टिनाच्या पत्र्याने. कवेलू उतरवण्यात घरधन्याची चूक नव्हती. माकडे ते फोडतात, दरसाल शाकारणी करावी लागते आणि शाकारणारे हात मिळत नाहीत. पण पत्रा दुपारी खिडकीची वाट पाहत नाही, तो थेट डोक्यावरून उष्णता ओततो. पूर्वी ताटी नसतानाही जे घर सुसह्य होते, ते आता कूलर असूनही रात्री अकरापर्यंत धुमसत राहते. कूलरला लागणारे पाणी ऐन मे महिन्यात आणायचे कुठून, हा प्रश्न तलावांच्या या जिल्ह्यातही सुटलेला नाही. आणि ते डोक्यावरून आणणारी आता बहुधा घरातलीच बाई असते.

मृग लागला, हवा दमट झाली की ताटीचे राज्य संपते. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर उत्तम भिजलेली ताटीही जेमतेम तीन अंश उतरवते. तेव्हा बंगल्यांतल्या ताट्या उतरवून गोदामात जात. आज कूलर बाहेर काढतात, टाकीतले गाळाचे पाणी ओततात, डासांच्या भीतीने ती पुसून कोरडी करतात. कुजकी खस उकिरड्यावर जाते. दिवाळीनंतर थंडी पडली की खिडकीतल्या त्या रिकाम्या चौकोनातून गार वारा शिरू लागतो, आणि घरातले कुणीतरी प्लायवूडचा तुकडा किंवा टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल मापाने कापून तेथे ठोकते. तो मार्चपर्यंत तसाच राहतो.